खाडीकडे पाठ

वेळूस, ता. रत्नागिरी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. काशीराम यास,
मथुरावहिनीचा आशीर्वाद.

तुझे कान गेले आणि माझ्यावर पत्र लिहायची पाळी आली. फोनवर मी बोलायचं आणि तू "कोण, कोण?" करून अख्खी बिल्डिंग गोळा करायची, त्यापेक्षा हे बरं. तुझ्या नातवाच्या मोबाईलवर निरोप धाडला असता, पण तो साऱ्या घराने वाचला असता. दिराला लिहिलेलं दिरानेच वाचावं.

कारण असं की, बंदरावरची उतारूंची शेड नीट करायला माणसं आली आहेत. बोट बंद झाली तेव्हापासून तिच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. समोरासमोरच्या दोन भिंती पडल्या, कौलं गेली, आत करवंदीची जाळी वाढली. आता रत्नागिरीहून दर रविवारी दहाबारा जणं येतात. कोणी बँकेतला, कोणी शिक्षिका, एक दातांचा डॉक्टरही आहे. कोणाला पगार नाही. हौस म्हणून चिरे वाहतात आणि संध्याकाळी कंबर धरून परत जातात. त्यांची म्होरकी अक्षया नावाची मुलगी. घरांचे नकाशे काढते. पहिल्या दिवशी पाणी मागायला आली तेव्हा मी म्हटलं, "गो बाय, या पडक्यात काय ठेवलंय?" तर म्हणते, "काकी, इथनंच सगळी मुंबईला गेली ना!" गेली खरी. परत किती आली ते तिने विचारलं नाही.

तुझे भाऊ पडावावर तांडेल होते, पडाव त्यांच्याच हुकमाने चालायचा, म्हटल्यावर त्यांनी मला खुर्चीच दिली. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं आपल्या पडावातून तिच्यापर्यंत न्यायची, हे ऐकताना पोरांची तोंडं उघडी. मग प्रश्नांवर प्रश्न. तिकिटाची खिडकी कुठच्या भिंतीत होती? मी काय सांगू? मी त्या शेडीत कधी पाऊल टाकलेलं नाही. माणूस पोचवायला जायचं ते रस्त्यावरून बंदराकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत. पोचवणाऱ्याने त्याखाली उतरायचं नाही, उतरलं तर जाणारा लवकर परतत नाही, हे तुझ्या आईने मला लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. तू मात्र दोन हंगाम ह्यांच्या हाताखाली वल्हं मारलंस आणि मग त्याच शेडीतून मुंबईला गेलास. तर आठव आणि लिही.

संदेशला, सूनबाईला, ऋत्विकला आशीर्वाद.

मथुरा


बदलापूर
८ डिसेंबर २०२४

ती. वहिनींस,
काशीरामचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन नवा आहे, माझं नाव घेऊन चारही मजले फिरला. शेवटी पेटीत टाकून गेला.

आमचं इथे उत्तम चाललंय. चौथ्या मजल्यावर वारा भरपूर. ऋत्विकच्या दंग्यामुळे चार ओळी धड लिहिता येत नाहीत एवढंच.

खिडकी डोंगराच्या बाजूच्या भिंतीत होती, दारातून शिरताना डाव्या हाताला. वर पागोळीची कौलं पुढे आलेली, म्हणजे रांगेतल्या माणसांना ऊन लागू नये. खोताचा मुलगा तिकिटं द्यायचा. खिडकी इतकी खाली, की उंच माणसाला वाकून बोलावं लागे. तुमच्या त्या पोरीला सांगा, खिडकी उंच करू नको. माणूस गाव सोडताना एकदा वाकलाच पाहिजे, असं दादा म्हणायचे.

बाकीचं आठवेल तसं कळवतो. एकदम सगळं आठवत नाही.

काशीराम


वेळूस
१९ डिसेंबर २०२४

चि. काशीराम यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. वाकण्याचं वाक्य दोनदा वाचायला लावलं त्यांनी. समर्थ म्हणून बँकेतला एक मुलगा आहे, त्याने लगेच दोरी धरून खिडकीची उंची ठरवली आणि स्वतः वाकून बघितलं. डोकं वाशावर आपटलं. सगळी हसली.

रविवारी मी त्यांना जेवायला घालते. आधी नको नको म्हणाली, आता हक्काने विचारतात, "काकी, आज काय?" गेल्या खेपेला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुकटीची चटणी केली. दातांचा डॉक्टर पाच भाकऱ्या खाऊन गेला. एवढं मोठं टोप मी ह्यांच्या तेराव्यानंतर काढलं नव्हतं.

काशी, सोमवार मात्र वाईट जातो रे. रविवारी ओटीवर चपलांचा ढीग असतो आणि सोमवारी माझ्या दोन. राजश्री, लेकच ती, विरारहून रोज फोन करते, "जेवलीस? गोळी घेतलीस?" मी हो म्हणते, ती ठेवते. तिला तरी कुठे वेळ? तुझं बरं आहे, घर भरलेलं आहे.

भिंतींना रंग काय होता, ते अक्षया विचारते.

मथुरा


बदलापूर
४ जानेवारी २०२५

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

भिंती खालून कमरेपर्यंत काळ्या, वर पांढऱ्या. काळं ते डांबर. पडावाला लावून उरलेलं डांबर दादा शेडीला फासायला लावत, म्हणजे भरतीच्या खाऱ्या ओलीने चिरा खात नाही. ते काम माझ्याकडे असे. आई मला आठ दिवस चुलीजवळ येऊ देत नसे, इतका वास. वरचा पांढरा चुना. सिमेंटचा हात कुठेही नव्हता.

तुमच्या सुकटीच्या चटणीचं वाचून त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणखी एक गोष्ट आठवत्येय, शेडीतल्या बाकड्याची. पण ती पुढच्या पत्रात. ऋत्विक खांद्यावर चढलाय.

काशीराम


वेळूस
२० जानेवारी २०२५

चि. काशीराम यास,
आशीर्वाद.

पडलेल्या भिंती उभ्या राहिल्या. खिडकी तू सांगितलीस तिथेच, डोंगराच्या बाजूला. काळा पट्टाही मारला. छपरावर घालायला संगमेश्वराकडून जुनी कौलं मिळाली. शेड इतकी ओळखीची दिसायला लागली, की मला वाटलं आता भोंगा होईल.

अक्षया काल म्हणाली, "काकी, अजून तीन-चार रविवार. मग तुमची सुटका." मी कढी वाढत होते. "सुटकाच म्हणायची," म्हटलं आणि आत जाऊन उगाच डबे पुसत बसले.

बाकड्याचं आठवायची घाई करू नको. आरामात आठव. तब्येतीला जप.

मथुरा


रत्नागिरी
६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काशीरामकाका,
सविनय नमस्कार.

मी अक्षया. वेळूस बंदराच्या शेडीचं काम आम्ही काही जण मिळून करतो, हे तुम्हाला मथुराकाकींच्या पत्रांतून माहीत आहेच. तुमचा पत्ता मी काकींकडच्या पाकिटावरून उतरवून घेतला. त्यांना विचारलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते.

अडचण अशी आहे. तुमच्या पहिल्या पत्राप्रमाणे तिकीटखिडकी आम्ही डोंगराच्या बाजूला बांधली. मग काकी म्हणाल्या, तुमचं नवीन पत्र आलंय, चूक झाली होती, खिडकी खाडीच्या बाजूला होती. आम्ही दोन्ही नव्या भिंती अर्ध्या उतरवून खिडकी तिकडे घेतली. पुढच्या रविवारी काकींनी सांगितलं, की डांबर नव्हतंच, चुन्यात नीळ होती. डांबर खरवडायला आमचा तो अख्खा रविवार गेला. आता त्या म्हणतात, तुम्हाला खिडकीबद्दल पुन्हा शंका आहे.

काका, मला त्रागा करायचा नाही. तुम्ही एवढ्या लांबून आठवून लिहिता, याचंच आम्हाला अप्रूप आहे. पण माणसं दमली आहेत. बाराची आम्ही सहा झालो. तुम्ही एकदा थेट मला लिहून कळवाल का, खिडकी कुठे होती आणि रंग काय होता? तुम्ही लिहाल ते अखेरचं समजू.

आपली,
अक्षया


बदलापूर
१५ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षया हिस,
अनेक आशीर्वाद.

मथुरावहिनींनी सांगितलं ते माझ्याच पत्रांतलं. म्हाताऱ्या माणसाची आठवण मागेपुढे होते, दोष माझा. त्यांना बोल लावू नये.

खिडकी खाडीच्या बाजूलाच होती. नीळही होती.

तुम्हा सगळ्यांना माझ्यामुळे त्रास झाला. वहिनींच्या हातचं जेवून जात जा.

काशीराम


बदलापूर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

अक्षयाचं पत्र आलं. तिने तुमच्या पाठीमागे लिहिलं म्हणून तिच्यावर रागावू नका. सोबत मी तिला काय उत्तर धाडलं त्याची नक्कल ठेवली आहे. वाचा आणि मग पुढे वाचा.

वाचलंत? आता ऐका. खिडकी डोंगराच्या बाजूला होती, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. माझं "नवीन पत्र" तुम्ही घरातल्या घरात लिहिलंत. निळीचा तर आपल्या बंदराशी कधी संबंध आला नाही. दादा असते तर त्यांनी आपल्या दोघांना वल्ह्याने बडवलं असतं.

पण मी तुम्हाला का म्हणून विचारणार नाही. मला कळलं. कारण मीही तेच करत आलो. वहिनी, मला ती शेड पहिल्या दिवसापासून अख्खी आठवते. कौलांपासून उंबऱ्यापर्यंत एका बैठकीत लिहून झाली असती. पण सगळं एकदम कळवलं असतं, तर तुमचं दुसरं पत्र कशाला आलं असतं? म्हणून एकेक तुकडा देत होतो, लहान पोराला चिक्की द्यावी तसा.

आता मी खोटी साक्षही दिली. एकाच पडावात बसलो आपण.

काशीराम


वेळूस
३ मार्च २०२५

चि. काशीराम यास,
आशीर्वाद.

लवू पोस्टमनने पत्र दिलं आणि मी ओटीवरच बसून वाचलं. आधी इतकी हसले, की लवू परत वळून बघायला लागला. मग रडू आलं. मेल्या, मला पकडलंस ते पकडलंस, वर माझी बाजू घेऊन मला अजून लाजवलंस.

मी ठरवून नाही केलं रे. "तीन-चार रविवार" म्हणाली ना ती, त्या रात्री मला शेड पुरी झालेली दिसली. कुलूप लावलेली, स्वच्छ, आणि पाखाडीवर कोणी नाही. दुसऱ्या रविवारी अक्षयाने विचारलं, "काकांचं काही पत्र?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. चिरे उतरवताना समर्थच्या बोटाला लागलं. मीच हळद लावली. हळद लावताना तरी सांगायचं होतं, पण पोरगा म्हणाला, "काकी, तुम्ही आहात म्हणून बरं." मग कसं सांगू?

असो. आता मी विचारते. कान गेलेल्या माणसाला नातवाच्या दंग्याचा त्रास कसा होतो?

प्रत्येक पत्रात ऋत्विक. खांद्यावर चढतो, लिहू देत नाही. तो आता नववीत असेल. नववीतला मुलगा आजोबाच्या खांद्यावर चढला, तर आजोबा पत्र लिहायला उरेल का?

मथुरा


बदलापूर
१४ मार्च २०२५

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

बाकड्याचं सांगायचं राहिलं होतं, ते आज लिहितो.

शेडीत एकच लांब बाकडं होतं, फणसाच्या लाकडाचं, पाठ असलेलं, जमिनीत पक्कं रोवलेलं. त्याचं तोंड दाराकडे, म्हणजे पाखाडीकडे होतं. म्हणजे उतारू खाडीकडे पाठ करून बसत. बोट आली की भोंगा होई, त्यासाठी पाण्याकडे बघायची गरज नसे. अक्षया ते बहुतेक खाडीकडे तोंड करून लावणार असेल. तसं करू देऊ नका.

इकडे ऊन वाढलं आहे. बाकी ठीक.

काशीराम


वेळूस
९ एप्रिल २०२५

चि. काशीराम यास,
आशीर्वाद.

माझ्या प्रश्नाला बगल देऊन बाकड्याची गोष्ट सांगितलीस. तीही अशी, की कोणाला पटू नये. खाडीकडे पाठ करून कोणी बोटीची वाट बघतं का? मी पाखाडीवर उभी असायची, तेव्हा बसलेली माणसं मान वळवून वळवून माझ्याकडे बघायची, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे तोंड खाडीकडेच असणार. अजून माझ्या बाजूने खोटं बोलून काम लांबवतो आहेस तू. पुरे झालं आता, काशी. लांबवायला काम तरी उरलं पाहिजे.

कोणी येत नाही. मार्चच्या मधल्या रविवारी चौघं आली, पुढच्या खेपेला दोघं. मागच्या रविवारी ओल्या काजूंची उसळ करायची म्हणून मी शनिवारपासून काजू सोलत होते, बोटं डिंकाने सोलवटली. सकाळी भात चढवला. मोठं टोप. दहा वाजले, अकरा वाजले. पाखाडीच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. मालगुंडहून येणारी गाडी आली, गेली. दुपारी अक्षयाचा फोन आला, "काकी, आज कोणाला जमत नाहीये. सगळे म्हणतात, इतक्यांदा बांधून पाडलं, आता हुरूप राहिला नाही. जयगडला आमच्यातल्या एकाची बोलणी चालू आहेत, दुसरी एक जागा आहे तिकडे." मी म्हटलं, "असू दे हं, बाय. मी काही केलं नव्हतं आज."

भात शेजारी लवूकडे दिला, उरलेला गाईला घातला. उसळ मी दोन दिवस खाल्ली.

ज्यांना धरून ठेवायला मी हे सगळं केलं, तीच माणसं मी घालवली. दुसऱ्या कोणाच्या कपाळी फोडायला खापर नाही.

मी अक्षयाला खरं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही.

मथुरा


बदलापूर
२० एप्रिल २०२५

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

माझं नाव घ्या. पत्रावर सही माझी आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. दंगा नाही. ऋत्विक इथे नाही. मागच्या वर्षी मे महिन्यात संदेशची बदली बडोद्याला झाली आणि सगळे तिकडे गेले. मला चला म्हणाले होते, खोटं का बोलू. पण तिथे त्यांना दोनच खोल्या, आणि जनीबरोबर संसार केला, ती गेली, ते घर सोडवेना. म्हटलं, मी राहतो. आधी दर महिन्याला यायचे. आता ऋत्विकचा अभ्यास असतो. रविवारी मोबाईलवर तोंडं दिसतात. ती बोलतात, मी मान हलवतो. सूनबाईला वाटतं, मला ऐकू येतं.

डबा येतो. डबेवाला बेल वाजवून निघून जातो, ती बेल मला ऐकू येत नाही, म्हणून अकरापासून मी दार उघडं ठेवून खुर्ची टाकून बसतो. जिन्याकडे तोंड करून. जाणारेयेणारे समजतात, म्हातारा भोचक आहे.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण वाडीत ते पसरलं असतं. काशीरामला मुलाने टाकला, असं म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. संदेशने टाकलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर, तुम्ही लिहिलंत, "तुझं बरं आहे, घर भरलेलं आहे", तेव्हा निदान तुमच्या मनात तरी ते भरलेलं राहावं असं वाटलं.

पण बाकड्याचं खोटं नाही. देवाशप्पत. मी मुंबईला जायच्या दिवशी त्यावर बसलो होतो. दादा पडावावर होते. तुम्ही आणि आई पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर. त्या काळी पोचवणारं माणूस खाली उतरत नसे आणि जाणारं वर जात नसे, म्हणून जुन्या लोकांनी बाकडं तसं रोवलं होतं. भोंगा होईपर्यंत माणसाला आपलं माणूस समोर दिसावं. तुम्हाला वाटतं, आम्ही मान वळवून बघायचो. वहिनी, आम्ही वळत नव्हतो. आम्ही बसलेलोच तुमच्याकडे तोंड करून होतो.

पटत नसेल तर जमीन उकरून बघा. पुढच्या बाजूला एक चिरा आहे, पाय टेकून टेकून खळगा पडलेला.

काशीराम


वेळूस
६ मे २०२५

चि. काशीराम यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र चारपाच वेळा वाचलं. अख्खं वर्ष तू दारात खुर्ची टाकून बसलास आणि मी इथे पाखाडीवर. एका घरात दोन माणसं बसली असती, आणि दोन घरांत एकेक माणूस बसलेलं. आपल्याला कोणी शहाणं म्हणेल का?

अक्षयाला सांगितलं. फोनवर नाही. मालगुंडहून गाडी पकडून रत्नागिरीला तिच्या घरी गेले. बसायलाही तयार नव्हते. उभ्यानेच सांगितलं, की खिडकी, नीळ, सगळं मी रचलं, आणि काकांनी मला सांभाळायला खोटं लिहिलं. ती चहा आणायला गेली ती बराच वेळ आली नाही. मी चहा न घेताच निघाले. जिन्यापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाली, "काकी, रविवारी याल का, एवढंच विचारायचं होतं ना तुम्ही." तिच्या आवाजात राग होता. असायलाच हवा. "तुम्ही नुसतं म्हणाला असता तरी आलो असतो." काशी, हे मला सुचलंच नाही रे. नुसतं म्हणायचं.

त्या रविवारी कोणी आलं नाही. पुढच्या रविवारी ती आणि समर्थ आले. मी तुझं बाकड्याचं सांगितलं. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण समर्थने पहार घेतली. हातभर माती काढल्यावर खांबांचे खळगे लागले. आणि त्यांच्या पुढे, पाखाडीच्या बाजूला, एक लांब चिरा. मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. अक्षया खाली बसली आणि तिने त्यावर हात फिरवला. मग मला म्हणाली, "या काकी, बघा." मी पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर उभी होते.

मी उतरले. जन्मात पहिल्यांदा. आता कोण जायचं राहिलंय, ज्याच्या परतण्याची काळजी करायची?

फणसाच्या फळ्या लवूच्या पडवीत होत्या, त्याने दिल्या. बाकडं बसवलं, खाडीकडे पाठ करून. खिडकी पावसाळ्यानंतर परत डोंगराकडे न्यायची, डांबरही मारायचं. शिक्षा म्हणून चुना मी भिजवायचा आणि सगळा पावसाळा रोज ढवळायचा, असं अक्षयाने ठरवलंय. हसून म्हणाली नाही. पण जाताना चटणी बांधून घेऊन गेली.

संध्याकाळी ती दोघं गेल्यावर मी एकटीच त्या बाकड्यावर बसले. पाय त्या खळग्यात बरोबर बसले. समोर पाखाडी, अगदी वरच्या रस्त्यापर्यंत. तुला त्या दिवशी आम्ही कशा दिसलो असू ते मला आज कळलं. आम्ही किती लांब होतो रे. आई डोळे पुसत होती आणि मी पदर दातात धरून उभी होते. आणि तुझी बोट आली.

आता बोट येत नाही. आता यायचं असेल त्याला वरूनच यावं लागतं, एसटीने, आणि पाखाडी उतरून. तेव्हा बाकडं अजूनही योग्य बाजूला आहे.

मी अक्षयाकडून शिकले, तेवढं करते. नुसतं म्हणते. काशी, घरी ये. घर तुझंही आहे, पश्चिमेची खोली तुझी, तिथली कौलं परतून घेतली आहेत. वाडी काय बोलायची ती बोलू दे, तुला कुठे ऐकू येणार आहे?

मथुरा


पोस्टकार्ड
बदलापूर, १५ मे २०२५

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार.

संदेशला कळवलं. तो पुढच्या महिन्यात भेटायला तिकडेच येईल. पुढच्या रविवारी, २५ तारखेला निघतो. हातखंब्याला उतरून रिक्षा करीन, कोणाला धाडू नका.

एकच करा. मी पाखाडीवर आलो की खालून हाक मारू नका, मला कळायची नाही. तुम्ही बाकड्यावर बसा. मला दिसलात म्हणजे झालं.

काशीराम